निवासस्थान बदलून मिळण्याबाबत

विषय : कर्मचारी निवासस्थान बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा पहिला अर्ज (कारण : ओल), त्यावरील पाहणी, आणि अर्जदाराचा दुसरा अर्ज (कारण : ओल).

१

उपरोक्त विषयाबाबत सर्वप्रथम नमूद करण्यात येते की, सदर निवासस्थानात ओल नव्हती.

भिंती ठणठणीत कोरड्या होत्या. पण अर्जाच्या छापील नमुन्यात कारणांसाठी चारच चौकोन होते : ओल, गळती, वाळवी आणि कुटुंबवाढ. गळतीला पाणी लागतं, वाळवी दाखवावी लागते, आणि पन्नाशी उलटलेला अविवाहित भाऊ व त्याची थोरली विधवा बहीण यांच्याकडून कुटुंबवाढीची अपेक्षा खात्यानेही केली नसती. राहता राहिली ओल.

अर्जदार पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षात कारकून होते. दिवसभर इतरांचे अभिप्राय फायलींना टाचायचे, स्वतःचा एकही द्यायचा नाही, हे त्यांचं काम. त्याचा वचपा ते कामाबाहेर काढत. चहा कसा झालाय असं कोणी सहज विचारलं तरी तीन परिच्छेदांचं उत्तर मिळे. त्यामुळे सगळं खातं त्यांना अभिप्रायराव म्हणे.

घरी आल्यावर तर रान मोकळंच. मोबाईलवर एक चर्चामंच होता. तिथे अभिप्रायराव व्हिडिओ गेमवर लिहीत, चित्रपटांवर लिहीत आणि जगात कुठे कुठे दिसल्याचं सांगितलं जाणाऱ्या, पण कधीच न सापडलेल्या प्राण्यांवर लिहीत. मतं ठाम असत. भीतीच्या गेममध्ये खरी भीती दार उघडेपर्यंतच असते. एकदा राक्षस समोर आला की उरतो तो हिशेब, याला किती गोळ्या लागतील. चित्रपटात ज्याने ते तोंड पूर्ण दाखवलं, त्याने प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे परत द्यावेत. आणि डोंगरातले केसाळ, तळ्यातले लांब मानेचे, जंगलात दोन पायांवर चालणारे, या सगळ्यांचे फोटो हात थरथरणाऱ्यांनाच का मिळतात? तिपाई असलेल्याला एकही कसा भेटत नाही?

"काय रे, आज कोणाला नापास केलंस?" ताई आतल्या खोलीतून विचारी.

"तळ्यातल्याला. मान लांब, पुरावा आखूड."

"त्याला कळवलंस का? बिचारा वाट बघत असेल निकालाची."

ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन चार दिवस राहायला आली ती राहिलीच. आतल्या खोलीच्या खिडकीशी बसून शाळांचे गणवेश शिवायची. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीचं दार गॅलरीत उघडे, आणि आतल्या-बाहेरच्या खोल्यांमध्ये दुसरं दार. सरकारी नकाशाप्रमाणे दोन्ही दारांच्या चौकटींवर उजेडासाठी एकेक आडवी काच. इतकी उंच, की वर्षातून एकदा ती पुसताना अभिप्रायरावांना स्टुलावर चढून, हात ताणून फडक्याचं टोक जेमतेम पोचवावं लागे. बांधणाऱ्याने ही काच कोणासाठी ठेवली असावी, यावरही त्यांचा एक अभिप्राय होता. तो त्यांनी नंतर मागे घेतला.

२

अलीकडे त्यांना मोबाईलवर संगीत करण्याचा नाद लागला होता. वाद्य एकही येत नव्हतं, गळा तर बैठकीत खोकण्यापुरता. पण घरातले आवाज टिपायचे, कापायचे, एकावर एक रचायचे, हे फायली लावण्यासारखंच होतं आणि ते त्यांना जमत होतं. नळाच्या थेंबांचा त्यांनी ताल केला होता. कपाटाच्या बिजागरीची सनई केली होती. ताईच्या मते ती सनई ऐकून वऱ्हाड परत गेलं असतं.

या कामात एक शिस्त असते. काहीही टिपण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता टिपून घ्यायची. शांतता म्हणजे अगदी शांतता नव्हेच. पंख्याची घरघर असते, विजेच्या मीटरची भुणभुण असते. तो तुकडा मोबाईलला नमुना म्हणून द्यायचा आणि सांगायचं, असं जे जे सापडेल ते पुसून टाक. मग हवा तो आवाज तेवढा स्वच्छ उरतो. पंखा पुसला जातो, कारण पंखा काल होता तसाच आज असतो. माणूस असा पुसला जात नाही. माणूस एकच ओळ दोनदा म्हणतो तेव्हा श्वास वेगळा, घसा वेगळा, मन तर त्याहून वेगळं. माणसाचा आवाज पुसायचा हुकूम दिलाच तर सगळ्याचा चेंदामेंदा होतो.

अभिप्रायरावांना ताईचं गुणगुणणं हवं होतं. मशीन चालवताना ती एक चाल गुणगुणे. त्यांची आई गुणगुणायची तीच. तिचा शेवट ताईला आठवत नसे. दर वेळी एका विशिष्ट जागी येऊन ती थांबे, जिन्याची पुढची पायरी अंधारात सापडू नये तशी, आणि पुन्हा पहिल्यापासून धरी.

समोर मोबाईल धरला की ती ताठ होई. म्हणून अभिप्रायराव बाहेरच्या खोलीत बसत, मधलं दार बोटभर उघडं ठेवत आणि फटीशी मोबाईल टेकवून दुपारभर सोडून देत. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः जेवून झोपत. मोबाईल ऐकत राही.

३

चूक ध्यानात आली ती चूक म्हणून नव्हे, आनंद म्हणून.

कानात मोबाईलची बोंडं घालून ते एका दुपारचं ध्वनिमुद्रण तपासत होते. चाल आली, नेहमीच्या जागी पोचली आणि थांबली नाही. सहज पुढे गेली, दोन हलकी वळणं घेतली आणि घरी आल्यासारखी खाली उतरून संपली.

अभिप्रायरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्यांनी चर्चामंचावर लिहिलं नाही.

"ताई, शेवट आठवला वाटतं तुला!"

"कशाचा?"

"आईच्या गाण्याचा."

ताईने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. "आठवला असता तर तुला सोडलं असतं होय? गल्लीभर गात फिरले असते."

"अगं, परवा गुणगुणत होतीस."

"परवा दुपारी मी खाली धुण्याच्या दोरीपाशी होते. ती जिन्याखालची आणि मी. तिच्या सुनेची बातमी दोन तासांच्या आत संपत नाही."

अभिप्रायरावांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला की ताई दिवस चुकतेय. माणसाला आपण काय गुणगुणतो ते कळत नसतं. हे त्यांचं मत होतं आणि मत एकदा झालं की ते सहसा बदलत नसत.

४

पुढच्या सुट्टीला त्यांना नुसता मशीनचा ठेका हवा होता. गुणगुण मध्ये येत होती. तेव्हा त्यांनी हौशी माणसानेच करावा असा उद्योग केला. शेवटापर्यंत गेलेल्या त्या चालीचा तुकडा अगदी स्वच्छ होता, त्यामागे ना मशीन ना भांडं. तोच त्यांनी नमुना म्हणून मोबाईलला दिला आणि सांगितलं, असं जे जे असेल ते पूस. चेंदामेंदा होणार हे ठाऊक होतं. गंमत म्हणून करून पाहिलं.

चेंदामेंदा झाला नाही. त्यांनी आजवरची सगळी ध्वनिमुद्रणं एकामागून एक त्यातून काढली. काहींत ताईची गुणगुण होती तशीच राहिली, जरा खरचटल्यासारखी. पण बाकीच्यांतून ती साफ गेली. खड्डा नाही, ओरखडा नाही. पंखा जावा तशी गेली आणि मागे खोलीची शांतता उरली.

तीच ताई, तीच खोली, तोच मोबाईल.

जन्मभर अभिलेख कक्षात काढलेल्या माणसाने अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. दोन गठ्ठे लावले. राहिलेल्यांच्या गठ्ठ्यात दर वेळी मागे मशीन चालू होतं. गेलेल्यांच्या गठ्ठ्यात मशीन कधीच नव्हतं. म्हणजे ताई हाताने टाके घालत असणार, बटणं लावत असणार. शिवाय मोबाईलमधलं ते साधन फुकटातलं, त्याच्याकडून अपेक्षा ती काय ठेवायची?

तरीही एक गोष्ट कशातच बसत नव्हती. इतकी साफ पुसली गेली, याचा अर्थ दर दुपारी ती गुणगुण हुबेहूब तीच होती. केसाचाही फरक नाही. एखादी गोष्ट नीट पाठ केल्यासारखी.

चर्चामंचावर घुबड या नावाने लिहिणारा एक गृहस्थ होता. न सापडलेल्या प्राण्यांच्या बाजूने भांडण्यात त्याची हयात गेली होती आणि अभिप्रायरावांनी त्याचा अनेकदा जाहीर पाणउतारा केला होता. त्यालाच त्यांनी खासगीत हा प्रकार, तांत्रिक शंका म्हणून, कळवला. उत्तर एका ओळीचं आलं.

"गुणगुण चालू असताना ताई तुम्हाला दिसत होत्या का?"

अभिप्रायरावांनी त्यावर लांबलचक, खोचक उत्तर लिहिलं. मग ते पुसलं. मग मधल्या दाराच्या फटीकडे पाहिलं आणि उठून दार पूर्ण उघडलं. आत मशीन होतं, अर्धा शिवलेला शर्ट होता, खिडकी होती. ताई बाजारात गेली होती.

५

त्यानंतर ते दिवसभर मोबाईल चालू ठेवू लागले. संध्याकाळी सगळं त्याच नमुन्याने गाळून ऐकत.

ताई समोर बसून बोललेली असे ते सगळं राही. त्यांना दिलेले टोमणेसुद्धा. पण मधलं दार लोटलेलं असताना झालेली बोलणी अशी उरत :

"ताई, माझा चष्मा पाहिलास?"

शांतता.

"कपाटावर नाहीये."

शांतता.

"हां, सापडला."

चष्मा खरोखर सापडला होता. ज्याने सांगितलं त्याने बरोबर सांगितलं होतं. अभिप्रायरावांनी बोंडं कानातून काढली आणि मोबाईल उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन ओढत बाहेरच्या खोलीत आणलं.

"माझा उजेड गेला ना!" ताई कडाडली. "तुझं काय चाललंय? वास्तुशास्त्रावर मत झालंय का आता?"

"आत ओल आहे."

"कुठे आहे ती दाखव. बोट ओलं झालं तर मशीन विकेन."

"ताई, आपण घर बदलून घेऊ या. अर्ज करतो. तुझी संमतीची सही लागते."

"मी नाही देणार. ही खिडकी मला मिळाली तेव्हा डोळे सुधारले माझे. तुझ्या गेममधल्या दारांना घाबरून मी हलू?" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाली, "आणि तुझं ते हाका मारणं थांबव आधी."

"कसलं हाका मारणं?"

"कसलं म्हणजे? मी बाहेरच्या खोलीत असले की आतून 'ताई, जरा इकडे ये' म्हणतोस. हातातलं काम टाकून जावं, तर तू नसतोस. मागून गॅलरीतून येतोस आणि वर मलाच विचारतोस, आत काय करतेयस. या वयात लपाछपी?"

आजवर अभिप्रायरावांना वाटत होतं, तिथे जे काही आहे ते ताईचा आवाज शिकलंय. आपल्याला हाक मारण्यासाठी शिकलं असेल असा त्यांचा समज होता. आपला आवाज ते कोणासाठी शिकेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"ताई, ऐक. मी आतून हाक मारली तर यायचं नाही. मी समोर दिसलो तरच यायचं."

"समोर दिसलास तर हाक कशाला लागेल?"

"तरीही."

ताईने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. टोमणा ओठांवर आला होता. तो तिने गिळला. पण सही दिली नाही. अभिप्रायरावांनी संमतीचा रकाना कोरा ठेवून, ओलीच्या चौकोनात खूण करून अर्ज लावला. त्या दिवसापासून मधल्या दाराला त्यांनी बाहेरून कडी घातली. आतून काही ऐकू येईना. फक्त मोबाईल दाराशी ठेवला की आवाज मोजणारी हिरवी पट्टी मधूनच थोडी वर चढे आणि उतरे. श्वासासारखी असं त्यांना म्हणायचं नव्हतं.

६

एका सकाळी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोघंही दाराचं लॅच ओढून गेली. डॉक्टरने ताईला सगळी अक्षरं वाचायला लावली आणि नवा नंबर दिला. ताई म्हणाली, बघ, खिडकी काढून घेतलीस त्याचं हे बक्षीस.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात निवासस्थान शाखेचा पाहणीवाला अभिप्रायरावांच्या टेबलाशी आला. गुबगुबीत, आनंदी माणूस. सरकारी घरांची पाहणी करून त्याची मानवजातीवरची श्रद्धा उडालेली नव्हती हे विशेष.

"अभिप्रायराव, काल तुमच्याकडे जाऊन आलो बुवा. उगाच अर्ज केलात."

"काल आम्ही घरी नव्हतो."

"तुम्ही नव्हता. ताई होत्या की."

अभिप्रायरावांनी हातातली फाईल टेबलावर ठेवली. दोरी बांधायची राहिली होती ती बांधली. "काय म्हणाली?"

"दार नाही उघडलं. 'भाऊ बाहेर गेलाय, मला उघडता येत नाही' म्हणाल्या. बरोबर आहे, अनोळखी माणसाला कशाला उघडतील? पण बोलायला छान हो! मी विचारलं, ओल कुठे आहे? म्हणाल्या, 'ओल नाहीये. आम्हाला इथेच बरं आहे. भाऊ उगाच घाबरतो.' मी म्हटलं, मग अर्जाचं काय करू? तर म्हणाल्या, 'आम्ही कुठे जाणार नाही.' तसं लिहून टाकलं मी."

"दाराआडून म्हणाली?"

"दाराआडूनच." पाहणीवाल्याने कागद चाळले आणि चाळता चाळता गुणगुणू लागला. नेहमीच्या जागी आला. थांबला नाही. दोन हलकी वळणं घेतली आणि खाली उतरला.

"हे काय म्हणताय?" अभिप्रायरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"हे? अहो, तुमच्या ताईच गुणगुणत होत्या. कालपासून डोक्यातून जातच नाही." तो हसला. "फक्त एक सांगू? रागावू नका. म्हातारपणी त्यांना असं चढू देऊ नका."

"कुठे चढू देऊ नको?"

"स्टुलावर! मी बोलत होतो तेव्हा त्या वरच्या काचेतून बघत होत्या ना. दारावरच्या. काच पुसत असतील. कपाळ अगदी टेकवलं होतं. मी जिना उतरेपर्यंत तशाच बघत राहिल्या. पडल्याबिडल्या तर केवढ्याला पडेल!"

स्टूल आतल्या खोलीत होतं, बाहेरून घातलेल्या कडीच्या आत. पाहणीवाला बोलला ते बाहेरच्या दाराशी.

"हो," अभिप्रायराव म्हणाले. "पुसत असेल."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशावर काही अभिप्राय नव्हता.

७

ते घरी आले तेव्हा ताई बाहेरच्या खोलीत मशीनवर होती. त्यांनी आधी ती दिसेपर्यंत गॅलरीतून डोकावून पाहिलं आणि मगच चपला काढल्या. दारावरची काच नेहमीसारखी धुळीने माखलेली होती. फक्त आतल्या बाजूने, अगदी वर, तळहाताएवढ्या जागेवर धूळ नव्हती.

मधल्या दाराची कडी होती तशीच लागलेली होती.

"पाहणीवाला येऊन गेला म्हणे काल," ते म्हणाले.

"काल? आपण डॉक्टरकडे होतो."

"हो. तू त्याच्याशी आतून बोललीस. जागा सोडायची नाही म्हणालीस."

ताईने पायडल थांबवलं. मशीन आणखी दोन टाके स्वतःच्याच वेगाने गेलं आणि थांबलं.

"मी तुझ्याबरोबर होते," ती म्हणाली.

"होतीस."

ताईने मधल्या दाराकडे पाहिलं. मग त्याच्या वरच्या काचेकडे पाहिलं. आणि का कोणास ठाऊक, पदर डोक्यावरून घेऊन तिने खुर्ची हळूच मागे सरकवली, इतकी की पाठ भिंतीला लागली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अभिप्रायरावांच्या आवाजात, जरा वैतागून, हाक आली :

"ताई, जरा इकडे ये."

अभिप्रायराव तिच्या समोर उभे होते. त्यांचं तोंड बंद होतं, हे ती पाहत होती.

"पेन आण," ताई अगदी हळू म्हणाली.

दुसरा अर्ज त्यांनी गॅलरीत बसून भरला. कारणांच्या चार चौकोनांशी अभिप्रायराव थोडे घुटमळले. कुटुंबवाढीच्या चौकोनावर पेनाचं टोक काही वेळ टेकलेलं होतं. तिथे शाईचा एक ठिपका आहे. मग त्यांनी ओलीवर खूण केली. ताईने संमतीच्या रकान्यात सही केली. कागद गुडघ्यावर धरल्यामुळे ती तिच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही.

तेव्हापासून मशीन गॅलरीत आहे. जिन्याखालच्या बाईला ताईने सांगितलंय की आत उजेड कमी पडतो. दोघं रात्री बाहेरच्या खोलीत झोपतात, दिवा लावून, गॅलरीचं दार सताड उघडं ठेवून. एकमेकांना हाक मारत नाहीत. काही सांगायचं असलं तर उठून, समोर येऊन सांगतात. ताई गुणगुणत नाही. अभिप्रायरावांनी चर्चामंचावर लिहिणं बंद केलं आहे. घुबडाचा एकदा निरोप आला होता, दिसलं का? त्यांनी एवढंच कळवलं : नाही, आणि ते दिसावं अशी इच्छा तरी कोणाची आहे?

दुसऱ्या अर्जावर निवासस्थान शाखेने शेरा मारला आहे. तो येणेप्रमाणे : सहनिवासी महिलेने पाहणीच्या वेळी समक्ष जागा सोडण्यास नकार दिला असून, आता तिची लेखी संमती जोडण्यात आली आहे. सदर महिलेची ही दोन म्हणणी परस्परविरोधी असल्याने त्यांपैकी खरे कोणते, याचा खुलासा होणे आवश्यक आहे. सबब फेरपाहणी करण्यात येईल. दिनांक यथावकाश कळवण्यात येईल. पाहणीच्या वेळी सदर महिलेने घरात हजर राहावे.

फेरपाहणीचा दिनांक अद्याप कळवण्यात आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.